नाशिकची जागा

आई, तू गेल्याला सव्वीस वर्षं झाली, आणि मी आज तुझ्यावर रागावून बसले आहे. माझा राग तुला माहीत आहे, भांडी न आपटणारा. तू म्हणायचीस, "हिचा राग घरात कोनाला कळत पन नाय." कळू नये अशीच शिकवण होती. घरात तुझी, शाळेत सिस्टरांची.

आपल्या वटारच्या घरापलीकडच्या वाडीतली ती मुलगी तुला आठवत असेल, शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी. आम्ही दोघी आता वसई गावात राहतो. ती मुलाच्या बंगल्यात, मी बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून ती कोपऱ्यावर येते, मी खाली उतरते आणि आम्ही चालायला लागतो. चालणं कसलं, रमतगमत गप्पा. तिची सून, माझे गुडघे, कुणाची वाडी बिल्डरकडे गेली, कुणाचा मुलगा कॅनडाला गेला. बाजारातून निघून चर्चच्या मागच्या गल्लीने तळ्यापर्यंत जायचं, तिथे बाकावर टेकायचं आणि परत फिरायचं. सहा वर्षं हे चाललं आहे. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

मुख्याध्यापिकेबरोबर गावातून चालणं म्हणजे काय, ते तुला सांगते. दर वीस पावलांवर "गुड मॉर्निंग, टीचर!" रिक्षावाला हॉर्न वाजवतो, दुधाची डेअरी उघडणारा शटर अर्ध्यावर सोडून हात जोडतो. बाजाराच्या तोंडाशी बसणारी मासळीवाली तर तिला हलूच देत नाही. "टीचर, बोंबील घेतल्याशिवाय जायचं नाय. तुम्ही मला सातवीत पास नसती केली तर आयने शाळा सोडवली असती." ती हसते, "मी कुठे पास केलं गं, पेपर तूच लिहिलास ना?" "लिवला मी, पन वाचला तुम्ही! दुसऱ्या कोनाला वाचता आला असता काय?" मग दोघी हसतात, मीही हसते. एकदा त्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोन? तुमची भैन?" "मैत्रीण," ती म्हणाली. "वर्गात माझ्यापेक्षा हुशार होती." ते 'होती' मी घरी घेऊन आले, बोंबलांच्या पिशवीबरोबर.

मंगळवारी तळ्यावर एक मुलगी धावत आमच्याकडे आली. तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती. टीचरच्या पाया पडली, माझ्याही पडली, तिथे होते म्हणून. "तुमच्यामुळे, टीचर," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ती गेल्यावर माझी मैत्रीण माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "बाय, एक सांगायचं राहून गेलंय. आता नाही सांगितलं तर कन्फेशनमध्ये फादरना सांगून मरेन, आणि तुला कळणारच नाही."

तेव्हा तिने सांगितलं. मॅट्रिकचा निकाल लागल्यावर सिस्टरांनी नाशिकच्या शिक्षिकांच्या कॉलेजात एका मुलीसाठी शब्द टाकला होता. ती मुलगी मी होते. जागा मिळाल्याचा निरोप सिस्टरांनी तिच्याकडे दिला, कारण तेव्हा फोन कुठे होता आपल्याकडे. ती मागच्या दाराशी आली तेव्हा तू चुलीपुढे मोगऱ्याच्या वेण्या बांधत होतीस, केळीच्या सोपटाचे भिजवलेले दोरे मांडीवर पसरून. तू म्हणालीस, "ती मळ्यात गेली. तिला बोलू नको काय. तिच्यासाठी मुलगा बघतोय. सिस्टरला सांग, आय नाय बोलते. जागा फुकट कशाला घालवायची? तूच जा." आणि जाताना तिच्या हातात केळ्यांची एक फणी दिलीस. ती सोळा वर्षांची होती. ती नाशिकला गेली.

आई, तू ते केलंस. एका वाक्यात, वेणीची गाठ न सोडता. दोन वर्षांनी माझं लग्न लावून दिलंस, आणि ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक फाउंटन पेन ठेवलंस. फुलांच्या पैशातून घेतलेलं. तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. नंतर वाटलं, हे काय करायचं मी? आहेराच्या पाकिटांवर नावं लिहिली त्या पेनाने. एकदा तुला म्हटलं होतं, "मला शिकवायला आवडलं असतं." तू चुलीकडे तोंड ठेवून म्हणालीस, "शिकवतेस की. दोन पोरं हायेत." माझा संसार वाईट झाला नाही. पण या गावात मला हाक मारून थांबवणारं कुणी नाही, आणि ते तुझ्यामुळे, असं मी मंगळवारी तिला ऐकवलं.

तिलाही सोडलं नाही. "पंचेचाळीस वर्षं माझ्या घरचा चहा पीत होतीस," मी म्हटलं, "तेव्हा घशात काही अडकलं नाही?" ती रडायला लागली. "मला वाटलं तुला नंतर कधीतरी आईने सांगितलं असेल," असं काहीबाही म्हणत राहिली. मी म्हटलं, "तुझं हे टीचर टीचर, सगळं माझं आहे." असं बोलले मी, तळ्यावर, लोक जात-येत असताना. मग तिला बाकावर सोडून एकटी घरी आले. चार दिवस झाले, खाली उतरले नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून पुढचंही लिहिते. ती निरोप घेऊन मागच्या दाराशी आली त्या दिवशी मी मळ्यात नव्हते. न्हाणीत होते. तू आवाज उतरवलास, तरी कुडाच्या भिंतीला चुलीकडून फट होती. निरोपातला शब्द न् शब्द मी ऐकला. पाणी अंगावर घेतलं असतं तर ऐकू आलं नसतं, म्हणून तांब्या धरून तशीच उभी राहिले. दाराला कडीसुद्धा नव्हती, नुसतं ढकलायचं होतं. पण डोळ्यांपुढे हॉस्टेलमधली ओळीने मांडलेल्या खाटांची खोली आली, आणि फळ्यापुढे उभी मी, पन्नास पोरं माझ्याकडे बघत असलेली. मग तुझं "आय नाय बोलते" ऐकलं आणि माझे खांदे सैल पडले. मला बरं वाटलं, आई. ती अंगणातून निघून गेल्याची खात्री झाल्यावर मी पाणी ओतलं. तू बाहेरून ओरडलीस, "किती वेळ न्हातेस गं?" मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि मंगळवारीही नाही.

आज सकाळी तिने दोन जिने चढून येऊन बेल वाजवली. तिला धाप लागली होती. "अगं, उघड ना," ती म्हणाली, "माझं चुकलं. शिव्या दे, पण उघड." मी दाराच्या अलीकडे उभी होते. तिच्या चपला जिना उतरून जाईपर्यंत हलले नाही.