गोवर उतरल्यावर

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी कोणी शेजारी बसून संत्रं सोललं की मला शिसारी येते. लोकांना त्या वासाने तरतरी येते म्हणतात. मला आपली वरूडकडची ओसरी दिसते, दाराला कडूनिंबाचे डहाळे, आणि आत गोवराने निजलेली माझी धाकटी बहीण.

साडेपाच वर्षांची ती. शाळेतल्या कविता मी आपल्या संत्र्याच्या बागेला पाणी देताना मोठ्याने म्हणायचो, त्या तिने ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. अर्थ कळत नसे, पण चाल कधी चुकली नाही. गोवर म्हणजे घरात माय, देवी आलेली, म्हणून फोडणी बंद, औषध बंद. पुरळ मावळलं, ती उठून बसली, भाकर मागितली. दुसऱ्याच दिवशी ताप उसळला. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. दुपारी झटके सुरू झाले; दात आवळलेले, हातपाय ताठ, तोंडाला फेस.

शेजारची काकू ओरडली, "माय अंगात आली हो! नारळ आना, नारळ!"

मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. तुम्ही उंबऱ्यात वाट अडवून उभे. "पायतनं घालून आत येऊ नका, डाक्टर. घरात माय हाये."

"अहो, गोवर मेंदूत गेलाय पोरीच्या. निदान कुशीवर तरी वळवा तिला!"

"माईले निजाची रीत शिकवता काय, सायेब?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळी ओसरी हसली. डॉक्टर थोडा वेळ अंगणात थांबले, मग गेले.

मोठेपणी कळलं, गोवर उतरल्यावर काही मुलांच्या मेंदूला अशी सूज येते, आणि त्या काळी तिच्यावर इलाज नव्हताच. म्हणून डॉक्टरांना अडवलंत त्याचा राग मी केव्हाच गिळला. किळस येते ती पुढच्या घटकेची. अंघोळ करून, ओल्या धोतराने तुम्ही तिच्यापुढे बसलात. "बोल माय, औंदा संत्र्याचा कोनता बहार धरू? मृग का आंबिया?" बाग पावसाळ्यात फुलवायची की हिवाळ्याअखेर, हे तुम्ही तिला विचारत होता. झटक्याने तिची मान डावीकडे गेली. "आंबिया!" सगळे एका सुरात. मग रांगच लागली. कोणाची सून नांदत नव्हती, कोणाची म्हैस हरवली होती. आई फेस पुसायला वाकली, तर तुम्ही तिचा हात धरलात. "पुसू नको. परसाद हाये तो."

त्यानंतर ती वीस वर्षं जगली. एक अक्षर बोलली नाही. स्वतःची लाळ गिळता येत नव्हती तिला, आणि माणसं पाया पडायला येत होती.

हे पत्र कोणाला दाखवणार नाही. तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. त्या रांगेत शेवटी मी होतो, बाबा. हात जोडून विचारलं, शाळेत कविता म्हणण्यात माझा पहिला नंबर येईल का? तिची मान हलली. मला फार आनंद झाला.