आक्कासमोरचा स्पीकर

गुरुवार, संध्याकाळ. निपाणी.

नव्या सभागृहाची ध्वनियोजना करणाऱ्या त्या शहाण्याने रंगमंचावरचा स्पीकर काढून टाकला. का, तर व्हिडिओत दिसतो! गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणूनच तो असतो ना? उद्याच्या कार्यक्रमाच्या तालमीत आक्का बेसूर झाली. "मॅडम, वय झालं त्यांचं," म्हणे. म्हटलं, "कानांत बोळे घालून तू गाऊन दाखव!" हसला मेला. एक स्पीकर, तोही जड झाला याला?

आक्काला मात्र त्याचंच पटलं. "सूर गेला गं माझा. उद्या न्हाय गाणार मी. पुन्हा कधीच न्हाय." किती समजावलं! स्पीकर नव्हता, आक्का, स्पीकर! ऐकतच नाही. काय करू?

आत्ता स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता गुणगुणते आहे. अगदी सुरात. सांगायला उठले, तर गप्प होईल.