पिशवी भिंतीकडच्या खांद्यावर

प्रिय दोनाता,

तू गुरुवारी कोर्टासाठी नेपल्सला येणार आहेस आणि आयुष्यात पहिल्यांदाच, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. इथे कसं वागायचं हे तुला सांगणारं कुणी नसेल, म्हणून लिहायला बसले. मी कोण? तुझी आई रोक्कीना गेल्या ऑक्टोबरात ज्या गल्लीत मारली गेली, त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर मी राहते. घरी बसून चामड्याचे हातमोजे शिवते. कोर्टात सगळे 'दगावली' म्हणतात. मी 'मारली गेली' म्हणते, का ते पुढे येईलच. नाव शेवटी लिहीन. आत्ता लिहिलं तर तू कागद फाडून टाकशील. तुझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. 'प्रिय' लिहिल्याचा राग आला तर तो शब्द खोडून टाक, पण वाच.

गाडीतून उतरलीस की फलाटावर उभी राहून इकडेतिकडे बघत बसू नकोस. नवखं माणूस इथे लांबून ओळखतात. 'बॅग धरू का ताई?' म्हणत कुणीतरी येईल, त्याला उत्तरच देऊ नकोस. दुसरा खोक्यातला नवा कोरा फोन अर्ध्या किमतीत देईल. आत फरशीचा तुकडा असतो. फसलीस तर फसलीस, भांडायला जाऊ नकोस. दोन वर्षांपूर्वी एका जवानाने तिथेच खोकं उघडलं आणि विकणाऱ्याची गचांडी धरली. चौघांनी मिळून त्याचे पुढचे दात पाडले, पाडल्यावरही तोंडावर लाथा घातल्या. लोक त्या रक्ताला वळसा घालून आपापल्या गाड्या पकडायला गेले. मीही गेले, मला उशीर होत होता. घड्याळ घालून येऊ नकोस. आमच्या औषधवाल्याचं घड्याळ काढून घेताना त्याचं मनगट मोडलं, तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला होता.

कोर्ट स्टेशनच्या मागच्या बाजूला, त्या उंच काचेच्या इमारतींत आहे. चालत पंधरा मिनिटं. वाटेत रस्ता ओलांडताना गाड्या थांबतील म्हणून उभी राहिलीस तर संध्याकाळपर्यंत उभीच राहशील. पाय टाक, चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघ आणि एकाच चालीने जा. मधेच धावलीस किंवा बिचकलीस की संपलं. आधी कॉफी पी, उभ्यानेच, आणि सोबत काहीतरी खा. त्या खोलीत हवा नसते, उपाशी पोटी भोवळ येते. मला आली होती.

आणि हेल्मेटवाल्यापासून जप. तुमच्या डोंगरातल्या गावात हेल्मेट घालणाऱ्याला शहाणा म्हणत असतील. आमच्या गल्ल्यांत सगळे स्कूटरवर उघड्या डोक्याने फिरतात, पाववाला, पाद्रीबाबा, तीन पोरांना पुढे-मागे कोंबून शाळेत नेणारी आई. हेल्मेट घालतो तो फक्त तोंड लपवायला. असा कुणी गल्लीत शिरला की आम्ही पोरांना दंडाला धरून आत ओढतो, मग विचारतो काय झालं.

आता पिशवी. भिंतीकडच्या खांद्यावर अडकव, रस्त्याकडच्या नाही. पट्टा मोकळा, मूठ सैल. कुणी ओढली तर देऊन टाक, त्यात काहीही असो. तू आईला उलटं लिहून दिलं होतंस, ते मला माहीत आहे. तुझी चिठ्ठी मी वाचली आहे. चौकटीच्या वहीचं पान, निळी शाई, आणि त्यावर लिहिलेलं: पिशवी गळ्यात आडवी घाल, दोन्ही हातांनी धर, डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद आत आहेत, काही झालं तरी सोडू नकोस. आणि सगळ्यात खाली, जाड मोजे घाल, तुझे पाय गार पडतात. ती चिठ्ठी माझ्या हाती कशी लागली, तेही सांगते.

टीव्हीवर तू म्हणालीस, 'मीच मारलं आईला. पट्टा आडवा घाल असं मीच लिहून दिलं.' ते ऐकताना माझ्या हातातली सुई बोटातून आरपार गेली. आरोपीच्या, साबातोच्या, वकिलाने तुझं तेच वाक्य उचललं. पोराने नुसती पिशवी ओढली, पट्टा अडकला, बाई फरफटली, डोकं दगडावर आपटलं, अपघात झाला, दुसरं काय? शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनाही घाव दगडाचेच की आणखी कशाचे हे नक्की सांगता आलं नाही. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात फरफटणं तेवढं दिसतं. वळणाच्या पुढचं दिसत नाही. वळणाच्या पुढे माझी बाल्कनी आहे.

सकाळचे अकरा वाजले होते. मी चादरी वाळत घालत होते. स्कूटर वळणावरून आली ती तुझ्या आईला मागे ओढतच. तिचा एक बूट गेला होता आणि कोपरापासून खाली हाताला कातडी राहिली नव्हती. ओल्या दगडांवर चाक सरकलं, स्कूटर आडवी झाली आणि पोरगा उडून भिंतीवर आदळला. पट्टा तुटला तो तिथे. दोनाता, तुझी आई तेव्हा जिवंत होती. ती उठली. गुडघे फुटले होते, तरी उठली. पिशवी दोन हात लांब पडली होती, तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती लंगडत त्या पोराकडे गेली, खाली बसली, त्याच्या हेल्मेटची काच वर केली आणि तुमच्या डोंगरातल्या बोलीत म्हणाली, 'लागलं का रे लेकरा? हलू नको, मान हलवू नको.'

तिने त्याचं तोंड पाहिलं, एवढंच कारण झालं. त्याने हेल्मेट डोक्यावरून उपसलं, त्याचा पट्टा मुठीत धरला आणि तिच्या कानशिलावर हाणलं. ती बसल्या जागी कलंडली. हात वर केला, पण अडवायला नाही, मला वाटतं तिला अजून काही कळलंच नव्हतं. दुसरा घाव डोळ्यावर बसला, ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज झाला. तिसऱ्याची गरज नव्हती. तो त्याने तरीही घातला, पाय रोवून, दोन्ही हातांनी. मग पिशवी उचलली आणि वर पाहिलं. त्याच्या हातांत मी शिवलेले तपकिरी हातमोजे होते. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, सांगू? 'साबातो, वर ये!' दोनाता, तो माझा मुलगा आहे.

तो वर आला आणि मी दार लावलं. खाली तुझ्या आईजवळ गेले नाही. ती आणखी किती वेळ जिवंत होती मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही, पाहायला नको म्हणून बाल्कनीचं दारही लावलं. पोलिसांची गाडी आली तेव्हा गल्लीतल्या बायका भराभर जिने उतरल्या. आमच्याकडे ते कुणाला शिकवावं लागत नाही. गाडी शिरली की रस्ता अडवायचा, पोरगा कुणाचाही असो. एकीने खुर्ची आडवी टाकली, एकीने बादली ओतली, एक ओरडत होती, 'तुमच्या आयांना जाऊन पकडा आधी!' तेवढ्या वेळात मी हेल्मेट साबणाने धुतलं, हातमोजे शेगडीत जाळले. कातडं जळल्याचा वास अजून माझ्या पडद्यांना येतो. पिशवीही जाळली. तुझी चिठ्ठी तेवढी जाळवेना. डॉक्टरांच्या कागदांवर तुमचा पत्ता होता, तो मी लिहून ठेवला, तेव्हा कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं. तीन दिवसांनी कॅमेऱ्यात दिसलेल्या स्कूटरवरून त्याला पकडलं. मी सांगितलं, मी आत शिलाई मशीनवर होते, काही पाहिलं नाही. सगळ्या गल्लीने तेच सांगितलं.

तुझ्या चिठ्ठीने तिला मारलं नाही, दोनाता. पट्टा तुटल्यावरही ती स्वतःच्या पायांवर चालत होती. माझ्या मुलाने तिला मारलं, आणि मी आठ महिने तुला तुझाच गुन्हा समजून जगू दिलं. त्याची मला लाज वाटते. मुलाचा राग येतो त्याहून जास्त स्वतःची किळस येते.

गुरुवारी साक्षीला माझं नाव पुकारतील. न्यायाधीश सांगतील, तुम्ही आरोपीच्या आई आहात, गप्प राहायचा तुम्हाला हक्क आहे, बोलणार का? मी घरून बोलायचं ठरवूनच निघेन. पण मी मला ओळखते. गेल्या महिन्यात तुरुंगात गेले ती त्याच्या थोबाडीत मारायचं ठरवून. तो समोर आला, गाल बसलेले, आणि मी त्याची कॉलर नीट केली, विचारलं, जेवलास का. एकवीस वर्षांचा आहे. गुरुवारी त्याने माझ्याकडे पाहिलं की माझी जीभ उचलणार नाही. म्हणून जे तिथे बोलायचं ते सगळं इथे लिहिलं आहे. प्रत्येक पानाच्या मागे सही केली आहे, शेवटच्या पानामागे पत्ता आणि ओळखपत्राचा नंबर आहे. हे तुमच्या वकिलाच्या हातात दे. मी उभी राहून 'बोलणार नाही' म्हणाले, तर त्यांना हे तिथेच मोठ्याने वाचायला लाव, साबातोच्या समोर. मी रडेन. कदाचित ओरडेन की हे पत्र माझं नाही, ही सही माझी नाही, या बाईला मी ओळखतही नाही. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

'तुझीच' लिहायची लायकी नसलेली,
साबातोची आई,
नुन्झिया कापुआनो