पडवीत अडकलेली पालखी

१ डिसेंबर, सोमवार
वाचनालयाचा संगणक आजही उठला नाही. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ : 'आउट ऑफ मेमरी', म्हणजे मेमरी पुरत नाही. रविवारी उद्घाटन. त्या दिवसापासून पुस्तकांची यादी संगणकावर दिसेल, असा शब्द मी अध्यक्ष नानांना दिलाय. बाहेरचा माणूस नको, मी करतो, हेही मीच म्हणालो.
गुरुवारी सकाळपर्यंत यंत्र ठणठणीत होतं. दुपारी मितेशने जुनी मेमरी काढून नवी, मोठी बसवली. फुकट. मितेश माझा शाळेपासूनचा मित्र, कुडाळला त्याचं दुरुस्तीचं दुकान. माणूस फुकट का देतो?
असा विचार बरा नव्हे. पण खोडत नाही. डायरीत लपवाछपवी नको.

२ डिसेंबर, मंगळवार, दुपारी
पेनड्राइव्हवरून मेमरी तपासली. पूर्ण आठ जीबी. एकही दोष नाही. इतका स्वच्छ अहवाल आयुष्यात पाहिला नव्हता. संशय वाढला.
नेटवर वाचलं. अडचण बूटलोडरमध्ये दिसते. बायको, आनंदी, बांगडे साफ करत होती, तिला समजावून सांगितलं. बूटलोडर म्हणजे संगणक जागा होताना सगळ्यांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. तो मुख्य सिस्टीमला उठवतो. घर कितीही मोठं असो, त्याला वावरायला फक्त पडवी. माजघर नंतर उघडतं. उपमा मलाच आवडली.
आनंदी म्हणाली, "मगे तुमी पडवीत काय भरून ठेवलास?"
तिला सगळीकडे माझा पसाराच दिसतो.

३ डिसेंबर, बुधवार
दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःला तपासावं. गुरुवारी मी काय केलं? काहीच नाही. फक्त गावदेव रवळनाथाच्या पालखीचा फोटो बूटलोडरच्या पडद्यावर लावला. आपल्याकडे नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, मग सिस्टीम उठण्याआधी देवदर्शन हवंच. फोटो नव्या फोनवरचा, मितेशलाही दाखवलेला. तरंगांच्या, म्हणजे पालखीसोबतच्या देवकाठ्यांच्या, लुगड्यांची जरतार मोजून घ्यावी इतका स्पष्ट. फाइल लहान करावी, असं कुठेतरी लिहिलं होतं. पण देवाला कॉम्प्रेस करायचं? मन धजेना. मूळ आकारातच ठेवला.
म्हणजे माझ्याकडून चूक नाही. झाली ती सेवा.
मितेशला मेसेज केला. सौम्य. 'आमची जुनी मेमरी परत दे. नवीबद्दल शंका आहे.' निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. खरा माणूस लगेच उत्तर देतो.

४ डिसेंबर, गुरुवार
मितेश स्वतःच आला. जुनी मेमरी टेबलावर ठेवून म्हणाला, "घे मेल्या. तुझीच आसा. वास घेऊन बघ होयो तर." चहा न घेता गेला. शाळेपासून असं कधी झालं नव्हतं.
जुनी लावली. तीच ओळ.
म्हणजे जुनीही बदललेली असणार. (वास घेतला. काही कळलं नाही.)

५ डिसेंबर, शुक्रवार
नानांच्या कानावर घातलं, की कोणीतरी आपली मेमरी अडवून ठेवलीय. नाव घेतलं नाही. पुराव्याशिवाय नाव घेणं तत्त्वात बसत नाही. कुडाळला दुकान आहे, एवढंच सांगितलं. नाना म्हणाले, "बरा. आयतवारी देवाच्या कानार घालूया."
उद्या बूटलोडर पुसून नव्याने घालणार. निश्चय.

६ डिसेंबर, शनिवार
घातला. फोटोही पुन्हा लावला. तीच ओळ.
आनंदी डबा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "अहो, पडवीत येवढी मोठी पालखी मावतली कशी?"
ती गेल्यावर, केवळ तिच्या समाधानासाठी, फोटो काढला. सिस्टीम उठली. पहिल्या झटक्यात.
परत लावला. 'आउट ऑफ मेमरी'. काढला. उठली.
योगायोग असू शकतो.
मितेशला फोन करायला हवा. रेंज नव्हती. म्हणजे एक कांडी होती. पण इतक्या नाजूक विषयाला एक कांडी पुरत नाही.

७ डिसेंबर, रविवार
उद्घाटन झालं. यंत्र उठलं. नारळ ठेवून नानांनी गाऱ्हाणं घातलं. आधी वाचनालयाची भरभराट मागितली. मग आवाज चढवला : "आनि ज्या कोणी ह्या यंत्राची मेमरी अडवन ठेवल्यान आसात, तेका तूच सरळ कर रे म्हाराजा!"
सगळे एकसुरात, "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज मितेशचा. माझ्या शेजारीच उभा होता. मीही म्हणालो. हळू.
मितेशने वाकून पडदा पाहिला. कानाशी येऊन विचारलं, "आनि देव खंय गेलो रे?" यादीच्या मागे, माजघरात बसवला, म्हणालो. तो हसला.
पायऱ्या उतरताना माझा पाय मुरगळला. देवाकडे कामं इतकी झटपट होतात, हे माहीत नव्हतं.
मितेशने स्कूटरवरून घरी आणलं. धरून पडवीत बाकावर बसवलं. आनंदीकडून चहा मागून घेतला, दोनदा. मी माफीचा विषय काढणार होतो, तो बांगड्यांच्या भावावर बोलत राहिला. मेमरीबद्दल चकार शब्द नाही.
हे मात्र मला खटकतंय.