डोंग्याचं मागचं टोक

१२ जानेवारी

‘तू मागचं धर, मी पुढचं धरतो.’

दादा हे म्हणाला तेव्हा मी बारा वर्षांची, तो सतराचा. मे महिना. तलाव उतरलेला, आमची लाकडी होडी, डोंगा, कोरड्यावर. उन्हात फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून दरवर्षी डोंगा पाण्याच्या मागे मागे न्यायचा आणि उथळात दगड भरून बुडवून ठेवायचा, थेट पावसाळ्यापर्यंत. बाबांचा खांदा त्या साली निकामी झाला होता. म्हणून मी. दहा पावलं की खाली. पुन्हा दहा.

आज हे आठवलं, कारण दुपारी दादाचा फोन. त्यानं आपणहून केलेला. मच्छीमार संस्थेनं ठरवलंय, पाडव्यापासून थर्माकोलच्या तराफ्यावर कोणी तलावात उतरायचं नाही. शेजारच्या गावचा एक जण मागच्या महिन्यात तराफा उलटून गेला. ज्याच्याकडे डोंगा नाही, त्याचं जाळं बंद. दादाकडे तीन वर्षांपासून तराफाच आहे. पोत्यांत भरलेलं थर्माकोल, नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं.

‘तिकडं यवतमाळले कृषी प्रदर्शन भरून राह्यलं म्हणे. मासेवाल्यायचा मंडप असते त्याच्यात. डोंगे येतात का तिथं?’

येतात, म्हटलं. फायबरचे. ये ना, राहायलाच ये.

‘राहत नाई. सकाळच्या गाडीनं येतो, संध्याकाळच्या गाडीनं जातो.’

तीन वर्षं तराफा का, हे त्यानं काढलं नाही. मीही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. पाच जणी येऊन गेल्या. तिळगूळ यंदा चिवट झाला.

एकदा नीट लिहून ठेवते. नाहीतर मनात त्याची गोष्ट होत जाते, आणि गोष्टीत मी बरी दिसते.

तीन वर्षांपूर्वीचा मे. वहिनी जाऊन चार महिने झालेले. लग्न झाल्यापासून मागचं टोक वहिनीच धरायची, पंचवीस वर्षं. दादाचा फोन आला. ‘बेबी, दोन दिवस येशीन का? डोंगा न्यायचा हाय.’ मी म्हटलं, दादा, रविवारी अमरावतीला पुस्तकाचा कार्यक्रम आहे माझा. एखादा माणूस लाव ना मजुरीनं. तो म्हणाला, ‘होऊ दे. तुही कामं असतात.’

त्या कार्यक्रमात मी वाचला तो लेख ह्याच डोंग्यावरचा. तलाव, मे महिना, दादा पुढे, मी मागे. समोरच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले.

जूनमध्ये फोनवर कळलं, डोंगा उलला, उन्हानं फळी फाटली.

पुढे काय झालं त्याचं, विचारायची हिंमत झाली नाही. चुलीत गेला असेल असं धरून चालले. गावीही गेले नाही. भाऊबीजेला तोच येतो इकडे.

विलासला सांगितलं होतं तेव्हा. नवरा म्हणून त्यानं समजूत घातली. लाकूडच ते, कधी ना कधी जाणारच होतं. बरोबर आहे. विलासचं सगळं बरोबर असतं.

१९ जानेवारी

दादा नऊलाच आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डबा. तळलेली मरळ. ‘थंडी झाली असन. गरम करजो.’

प्रदर्शनात धूळ, लाउडस्पीकर, ट्रॅक्टरभोवती गर्दी. मासेवाल्यांचा मंडप पार शेवटी. हिरवा गालिचा, त्यावर चार बोटी. लोक आत बसून फोटो काढत होते. एक बाई वल्हं हातात घेऊन मैत्रिणीला म्हणत होती, माझे पाय दिसू देऊ नको.

पहिली निळी. मोठी, चार माणसांची. विकणारा नागपूरचा, गळ्यात टाय. ‘ताई, मिस्टरांना बसवून बघा ना आत.’

‘मिस्टर नोहे बावा, भाऊ आहो,’ दादा म्हणाला. ‘मिस्टर असतो त साड्यायच्या मंडपात उभा असतो.’

चपला काढून आत गेला. बसला नाही, गुडघे टेकले. जाळं टाकताना टेकतो तसे. अंग थोडं डावीकडे नेलं, थोडं उजवीकडे. खाली गालिचा, बोट कशाला हलते. तरी त्यानं दोन्हीकडे तोल घेऊन पाहिला. मग बुडाला बोटाच्या पेरानं ठोकलं. वाकून वास घेतला.

‘वासच नाई याले.’

टायवाला सांगत होता, काका, सडत नाही, उलत नाही, भर उन्हात ठेवा. ‘उलत नाही’ला आम्ही दोघंही गालिच्याकडे पाहत होतो.

दादानं एकच विचारलं. ‘एकट्याले उचलते का?’

‘ट्रॉली मिळते ना सोबत.’

‘गाळात चाक रुतते.’

‘मग दोन माणसं लावायची, काका.’

‘हौ. थेच त विचारून राह्यलो.’

चारही ठिकाणी तोच प्रश्न. किंमत एकालाही विचारली नाही त्यानं.

शेवटची लाल, निमुळती. सहलीच्या ठिकाणी ठेवतात तसली. ‘ही एकट्याला उचलते,’ तिथला माणूस म्हणाला. दादानं ती पालथी करून डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. मंडपाच्या दारापर्यंत. वरती लाल बोट, खाली इस्त्रीची पँट, मध्ये माणूस नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण हसले, किती दिवसांनी. त्यानं परत आणून हळू ठेवली.

‘हलकी हाय. पण हिच्यात जाळं ठेवलं त मी कुठं बसू? मी बसलो त मासे कुठं बसतीन?’

बाहेर आलूबोंडा-कढी खाल्ली. मी म्हटलं, दादा, निळी घेऊ. मी देते. नाही म्हणू नको.

तो कढी पीत होता. ‘घेशीन तू. उचलंन कोण?’

टोमणा नव्हता. विचारलं, तेवढंच. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पाचच्या गाडीनं गेला. खिडकीतून हात केला नाही, शेजारच्याशी पाण्याबद्दल बोलत होता.

२० जानेवारी

‘उचलंन कोण’ला एका अक्षराचं उत्तर होतं. मी.

मी काय म्हटलं? ‘अजून कढी घेतोस का?’

मरळ गरम करून खाल्ली. वहिनी हळद जास्त घालायची. हा तशीच घालतो.

३ फेब्रु.

लोहाऱ्याला सलीमभाईंकडे गेले. आमच्या पाण्याच्या टाकीला मागे त्यांनीच फायबरचं ठिगळ लावलं होतं. औद्योगिक वसाहतीत शेड आहे, कूलरचे साचे करतात. उललेला लाकडी डोंगा दुरुस्त होतो का, विचारलं.

‘लकडी सडली त नाई ना? नुसती फाटली असन त होते. अंदरून, बाहेरून फायबर चढवून देतो. मंग उन्हाचीही फिकर नाई. पण वजन वाढन, ताई. दो आदमी पक्के पायजे. आत्ताच सांगून ठेवतो, बादमें मले बोल लावसान.’

बाहेर येऊन लगेच दादाला फोन. डोंगा आहे का अजून, की...

‘जाईन कुठं? घराच्या मागं हाय.’

तीन वर्षं मी त्याला चुलीत घालून बसले होते.

१६ फेब्रु.

गावी जाऊन आले. नेरपर्यंत बस, पुढे ऑटो.

घरामागे चार दगडांवर पालथा. वर वालाचा वेल चढलाय, शेंगा लागल्यात. वेल वहिनीनं लावलेला, बी पडून पडून दरवर्षी येतो म्हणाला. मी वेलाखालून हात घातला. मधली फळी टोकापासून टोकापर्यंत उलली आहे. फटीत बोट गेलं, दुसऱ्या पेरापर्यंत. ऊन लागून डांबराचा वास येत होता. घराचा वास कोणता असं मला कोणी विचारलं तर मी हा सांगेन.

दादा दुसरीकडे पाहत होता. शेंगा तोडत.

आत फळीवर वहिनीचा फोटो, शेजारी माझं पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ. मी पाहते आहे हे पाहून म्हणाला, ‘मास्तरनं वाचून दाखवलं. दोनदा.’

मग, ‘चांगलं लिहलं. एक चुकलं फक्त.’

काय?

‘तू लिहलं, पुढचं टोक भारी म्हून दादानं सोताकडं ठेवलं, मी लहान म्हून मले हलकं दिलं. हलकंभारी काई नसते त्याच्यात, बेबी. पुढचा गाळात पयले जाते. पाय कुठं रुतन त्याले मालूम नसते. रुतला का मागच्यानं डोंगा घट धरून ठेवा लागते. त्याच डोंग्याले धरून थो वर येते. म्हून मागं भरवशाचं माणूस पायजे.’

बारा वर्षांच्या मुलीला त्यानं ते टोक दिलं होतं. आणि मी ते लाड म्हणून छापलं.

डोंगा सलीमभाईंकडे न्यायचं ठरलं, म्हणून वेल बाजूला करायला दोघंही वाकलो. मुळं न दुखवता. तो वेलाशी बोलावं तसं म्हणाला, ‘त्या सालीही ओढला मी. अर्ध्यापर्यंत नेला. मंग रुतलो, कंबरेपर्यंत. मागं कोणी नोतं.’

मग?

‘मंग काय. डोंगा मागं घसरला. दुपारभर होतो तसाच. निघालो हळूहळू.’

कोणाला हाक नाही मारलीस?

‘बजाराचा दिवस, शिवारात कोण असते?’

गावचा बाजार रविवारचा. मी वार विचारला नाही. मला माहीत होता. त्या दुपारी मी अमरावतीत होते, आणि माईक नीट लागत नव्हता म्हणून वैतागले होते.

परत निघताना वालाच्या शेंगा बांधून दिल्या.

१७ फेब्रु.

काही नाही. शेंगा निवडल्या.

तो लेख काढून पाहिला. ‘हलकं टोक’ हे शब्द तीनदा आलेत.

२७ फेब्रु.

सलीमभाईंकडे डोंगा. रोज चक्कर. घासून घासून जुनं डांबर काढलं, खालचं लाकूड अजून लालसर आहे. ‘सागवान हाय, ताई. याले मरण नाई, फक्त संभाळणारं पायजे.’ मला लागलं ते त्यांना कळायचं कारण नाही.

फळ्यांवर जाळी चिकटवतात, वरून ते चिकट पाणी. डोळ्यांना झोंबतं. मी लांब उभी.

८ मार्च

आज झाला. दादा टेम्पो घेऊन आला. सलीमभाईंनी पाणी भरून दाखवलं, थेंब नाही. दादानं कडेवरून हात फिरवला, मागपासून पुढपर्यंत, आणि वाकून वास घेतला.

‘फायबरचाच येते.’ मग, ‘बुडवा त नाई लागत आता. पण ओढत न्या लागनच पाण्याच्या मागं. पाणी दर आठ दिवसाले मागं सरते.’

सलीमभाई म्हणाले, ‘भाऊ, कमरेचा पट्टा घेऊन ठेवा.’

‘पट्टा माह्याकडं हाय. तीन सालापासून.’

हेही मला माहीत नव्हतं.

टेम्पोत चढवायला शेडमधले तिघं आणि दादा. मी मागून धरायला गेले, तर एक जण म्हणाला, ताई, तुम्ही बाजूला व्हा, लागंन. मी बाजूला झाले. सवयीनं.

दादाला विचारलं, मे महिन्याचं काय? कोण येईल?

‘पाहू. लावतो कोणी मजुरीनं.’

माझंच वाक्य. त्याला आठवतही नसेल की ते माझं आहे.

टेम्पो वळेपर्यंत उभी होते. डोंग्याचं टोक बाहेर आलेलं, त्याला लाल फडकं बांधलं होतं. मागचं की पुढचं, कळलं नाही. पालथा होता.

९ मार्च

पाडव्याला डोंगा उतरतो. तराफा संस्थेत जमा करावा लागतो म्हणे. तेवढं निभलं.

मे राहिला.

उद्या सकाळी फोन करणार. आठच्या आधी, तो तलावावरून आलेला असतो. ऐन वेळी मी कढीवर जाते, म्हणून काय बोलायचं ते लिहून ठेवते. माफी मागायची नाही. माफी मागितली की तो घाबरल्यासारखा होतो आणि पाण्याबद्दल बोलायला लागतो.

तो काय म्हणेल ते माहीत आहे. होऊ दे बेबी, तुही कामं असतात. आवाज कसा लागेल तेही. सेहेचाळीस वर्षांची बाई, गुडघा दुखतो, तीस वर्षांत गाळात पाय घातलेला नाही. आणि मागं भरवशाचं माणूस लागतं. मी त्याच्या जागी असते तर नाही म्हटलं असतं.

तरी:

दादा, औंदा पाणी उतरलं का मले सांगजो. आदल्या दिवशी सांगितलं तरी चालन. मागचं मी धरीन. धरू देशीन?