विश्रामबागच्या घरातली टपटप

सातारा,
१४ फेब्रुवारी

प्रिय नाना,

फोनवर तुला आता धड ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या दिग्विजयनं कळवलं, ऑपरेशनचे टाके काढले, पण उजवा कान गेला तो गेलाच आणि तोंडाची ती बाजू अजून ओढलेली आहे. मिरजेला दवाखान्यात आलो होतो, तेव्हा तू माझा हात धरून सगळ्या वॉर्डाला सांगत होतास, "ह्यो माझा लाला. ह्यानं एकट्यानं माझ्यावर इश्वास ठेवला." मी चहा आणतो म्हणून उठलो तो परत आलोच नाही.

आषाढात तुझा पहिला फोन आला. "लाला, घरात कुठंतरी पाणी टपकतंय रं. पोरगा म्हणतोय न्हाई, सून म्हणती न्हाई. मी काय खुळा हाय व्हय?" तीस वर्षं नळाची कामं केलेला माणूस मी, हत्यारांची पिशवी घेऊन सांगलीला आलो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. मीटरपाशी अर्धा तास बसलो, काटा हलला नाही. फ्लशच्या टाकीत जिलेबीचा रंग टाकला, खाली एक रंगीत थेंब उतरला नाही. भिंती कोरड्या, मोरी कोरडी. तरी तू म्हणत होतास, "आत्ताबी वाजतंय बघ." मग मी लांब स्क्रू ड्रायव्हर भिंतीला टेकवला, मूठ कानाला लावली आणि मान डोलावली. तुला केवढं बरं वाटलं!

माझ्या साक्षीचं लग्न ठरलं तेव्हा मलाही तसंच बरं वाटलं होतं. ते तू मोडलंस. म्हणजे तू फक्त खरं बोललास. पोरीला लहानपणी फिट यायच्या, हे पाहुण्यांना सहज सांगून टाकलंस. मी तुला एका शब्दानं विचारलं नाही. साक्षी छत्तिशीची झाली. घरीच आहे.

आधी तुला बाथरूम फोडायला लावलं. मग आवाज पुढं सरकलाय म्हणून स्वयंपाकघर. मग हॉलमधली फरशी, लीलावहिनींनी जायच्या आधी हौसेनं निवडलेली. त्या फरशीवर तू स्वतःच्या हातानं घण घातलास आणि हमसून रडलास. मी बाजूला उभा राहून "आणखी थोडं डावीकडं" म्हणत होतो.

दसऱ्याला तुझी सून संयोगिता तुला म्हणाली, "मामा, पाहुण्यांच्यात गेलो तरी तुम्हाला तिथं टपटप ऐकू येती. आपला नळ तिथं कसा येईल? आवं, मिरजेला कान दाखवू." तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, "नाना, सून तुला येड्यात काढाय लागली." एवढंच. तू तिच्या हातचं जेवण सोडलंस, चारचौघांत तिला नको ते बोललास. लहान पोरीला कडेवर घेऊन ती शिरवळला माहेरी गेली. त्यानंतर तीन महिने तू जमीनच उकरत होतास. तेव्हाच आला असता तर कान वाचला असता, असं डॉक्टर दिग्विजयला म्हणाले.

मला कधीच काही ऐकू आलं नव्हतं, नाना. एक दिवससुद्धा नाही. आवाज घरात नाही, तुझ्या कानात आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आत गाठ असेल हे ठाऊक नव्हतं, पण डॉक्टरकडं जा म्हणालो नाही, कारण तुला घर फोडताना बघून मला बरं वाटत होतं. माफी मागायला हे लिहीत नाही. तू अजूनही सुनेला अवदसा म्हणतोस, तिला उंबरा चढू देणार नाही म्हणतोस, असं दिग्विजय रडत सांगत होता. म्हणून लिहितोय. मी तुला ओळखतो. सुनेपुढं मान खाली घालायची वेळ आली तर तू हे पत्र फाडून टाकशील. तेव्हा हेच सगळं लिहून मी चार दिवसांपूर्वी शिरवळला संयोगिताला पाठवलं आहे. तिनं ते वाचलं असेल.

तुझाच,
लाला