कोल्हापूरच्या पायलीची कड

आश्विन शुद्ध ९, खंडेनवमी, शके १८३५. सकाळी.

आजपासून रोज लिहायचं. पेठेतल्या एका अडत्यानं डायरी दिली. छापील तारखा गेल्या सालच्या आहेत, म्हणून त्या खोडून तिथी घालतो आहे. मराठी तिसरी झालेल्या माणसाला एवढं जमतं.

लोकांनी आज हत्यारं पुजली, आम्ही माप. आमच्या देव्हाऱ्याशेजारची पितळी पायली आजोबांच्या वेळची, दरबारच्या मोहरेची. कोल्हापूरच्या धान्यबाजारातली प्रत्येक पायली हिच्याशी ताडून घ्यावी लागते आणि ताडणारा मापाडी मी. चिंच लावली, राख लावली. मग सहाणेवर वाळू टाकली, पायली पालथी घातली आणि कड घासली. दोनशे फेरे. माप भरल्यावर दांडा फिरवताना कडेला दाणा अडकता कामा नये. कड नीट ठेव, असं वडील जाताना सांगून गेले. एकोणचाळीस वर्षं ठेवली आहे. बोट फिरवलं तर लोण्यासारखी.

मोहरेच्या वरच्या ओळीतली अक्षरं अर्धीच आहेत. शिरोरेषा नाहीत. जुने कासार शिरोरेषा देत नसत, कष्ट वाचवत. आताच्या लोकांना हे ठाऊक नाही.

संकल्प. तपकीर बंद. कोणाशी हुज्जत घालायची नाही, पित्त होतं.

आश्विन शुद्ध १०, दसरा.

तपकीर ओढली. सणाचा दिवस धरायचा नाही.

आश्विन शुद्ध १३.

बाजारातल्या पायल्या ताडल्या. एकूण एक मोठ्या निघाल्या. दर साली निघतात. गेल्या साली माझ्यासमोर कडा कापून दिल्या होत्या, तरी पुन्हा मोठ्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं हे समजलं, पण लोखंडाच्या पायल्याही फुगतात हे नवल आहे. सगळ्या कापायला लावल्या. अडते कुरकुरले नाहीत. भले लोक आहेत.

धोंडुबाई आडवी आली. एकटी म्हातारी, बाजारच्या दिवशी पायलीभर जोंधळा नेते. म्हणाली, अण्णा, पूर्वी पायली बाजार ते बाजार पुरायची, आता शेवटची सांज उपाशी जाती. मी म्हणालो, वय झालं की भूक वाढते. ती म्हणाली, माझी न्हाय वाढली, तुमची पायली आटली. हुज्जत घालायची नाही असा संकल्प होता. घातली. मग तिचा संताप विसरण्यासाठी दोन चिमटी तपकीर.

आश्विन वद्य ६. दुपारी.

राधानगरीहून कागद आला. तिथं धरणाचं काम चालू आहे. मजुरांच्या धान्याच्या कोठीवर हंबीरराव नावाचे कारकून आहेत. ते लिहितात, कोल्हापूरहून शंभर पायल्या म्हणून आलेला जोंधळा मुरगूडच्या पायलीनं मोजला तर त्र्याण्णव भरतो. सबब दोन्ही बाजारच्या मापाड्यांनी समोरासमोर बसून मापं ताडावीत. कोल्हापूरचं माप मुरगुडात कबूल, मुरगूडचं कोल्हापुरात कबूल, असा कागद दोघांनी सहीनिशी द्यावा. जे माप खोटं ठरेल ते दरबारात जमा करून मोडीत काढलं जाईल.

वाचून आधी घाम आला. मग हसू आलं. मुरगूडचा मापाडी दस्तगीर. बिचाऱ्याची पायली मोडणार. त्याचा बाप आणि माझे वडील स्नेही होते, म्हणून वाईट वाटतं.

सर्टिफिकेटाचा मसुदा लगेच केला: कोल्हापूरची पायली अस्सल आहे, मुरगूडची तिच्याबरहुकूम दुरुस्त करून घेतल्यावर तिलाही आमची कबुली आहे. स्वयंपाकघरात जाऊन मंडळींना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, आन् आपलीच कमी भरली तर ओ? दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. दिवेलागणीला भूक लागली म्हणून बोललो.

कार्तिक शुद्ध ११.

वीस दिवस लिहिलं नाही. पित्त. शिवाय काळजी. कसली ते सांगता येत नाही, कारण काळजीचं कारणच नाही.

कार्तिक वद्य २.

मुरगूडला जायचं मार्गशीर्षात ठरलं, भाताची मळणी उरकल्यावर. परक्या गावी न्यायची म्हणून पायलीच्या कडेला आणखी पन्नास फेरे दिले. मंडळी म्हणाल्या, नवरीला पण एवढं घासत न्हाईत.

मार्गशीर्ष शुद्ध ५. मुरगूड.

काल बैलगाडीनं आलो. गुडघे गाडीतच राहिले असं वाटतं. पायली मांडीवर धरून आणली.

दस्तगीरनं हात धरून उतरवलं. पायली बघून म्हणाला, अण्णा, नवी घेतलीसा व्हय? मी सांगितलं, आजोबांच्या वेळची आहे. तो म्हणाला, मग आजोबापेक्षा तरणी दिसाय लागली की.

त्याची पायली पेटीत, फडक्यात गुंडाळलेली. बाजारातल्या पायल्या ताडायला तेवढी बाहेर काढतो. काळीकुट्ट. कधी घासत नाही म्हणाला. मी विचारलं, पूजा? म्हणाला, धुळीचा फडका मारतो, झालं. मनात म्हटलं, अशा मळकट भांड्याला दरबार काय मोल देणार. मोहर तिच्यावरही आहे, आमच्याचसारखी कोरलेली. मोहरेच्या वर बोटभर कोरी जागा सोडली आहे. उगाच पितळ वाया.

उद्या ताडायचं. तपकिरीची डबी घरी राहिली. बरंच झालं, संकल्प पाळला जाईल.

मार्गशीर्ष शुद्ध ६. सकाळी.

दस्तगीरकडे तपकीर मिळाली.

त्याच दिवशी. दुपारी.

दोन्ही पायल्या ओट्यावर मांडल्या. गावातली दहाबारा माणसं बघायला जमली. साक्षीला हंबीरराव स्वतः राधानगरीहून आले, कागद दौत घेऊन.

आधी माझ्या पायलीनं जोंधळा भरून त्याच्या पायलीत ओतायचा. मी मोजायला बसलो. आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तिसऱ्याला शिंक आली, पुन्हा लाभपासून. माझ्या दहा झाल्या तेव्हा त्याच्या सव्वानऊ भरल्या होत्या. मग त्याच्या दहा माझ्यात ओतल्या. पावणेअकरा. माझी भरून वर सांडू लागली. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, कोल्हापूरची पायली ओसंडते. लक्ष्मी सांडते आहे. हंबीररावांनी लिहून घेतलं.

मी हरकत घेतली की मुरगूडचा जोंधळा दबून बसतो. दस्तगीर म्हणाला, मग पाण्यानं बघू, पाणी काय दबत न्हाय. पाण्यानं तेच. मी म्हणालो, वेदगंगेचं पाणी जड आहे, आमच्या पंचगंगेचं हलकं. मागून एक जण म्हणाला, पावणं, मग तुमच्याकडची म्हस दूध बी हलकंच देती काय? लोक हसले. इथं लोकांना वळण नाही.

कानशिलं तापली आहेत. संध्याकाळी पुन्हा बसायचं आहे. माझी बाजू भक्कम आहे, फक्त ती सापडायची आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

सापडली असं वाटलं. मी विचारलं, दस्तगीर, तुझी पायली कशावरून घेतली? मूळ कुठलं? ज्याला मूळ नाही ते माप कोण कबूल करणार? हंबीररावांनी मान डोलावली. दस्तगीर म्हणाला, आईला इचारा.

इमामबी, त्याची आई. ऐंशीच्या पुढची. दोघांनी धरून ओट्यावर आणलं. म्हणाली, आकाराम न्हवं का तू? तुज्या बानंच ह्या ओट्यावर बसून आमची पायली लावून दिली. तुमची आई, आमची लेक. मोहर सुद्धा तशीच काढली, शेजारी शेजारी ठेवून. तवा तुला मिसरूड फुटलं न्हवतं, इथंच गूळ खात बसलातास.

मी हंबीररावांना हळूच म्हणालो की म्हातारीला भ्रम झाला असेल. गूळ मात्र आठवला. तांबडा होता, खडे लागत होते.

इमामबीनं आधी त्यांच्या पायलीवरून हात फिरवला. मग माझ्या पायलीवरून. दिसत तिला फारसं नाही, बोटांनी बघते. कडेपासून मोहर चाचपली. पुन्हा चाचपली. म्हणाली, मोहरेच्या वर बोटभर जागा हुती की रं. हिची मान कुणी कापली?

दस्तगीर हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, अण्णा, कड घासता काय?

मी सांगितलं, दर साली. सहाणेवर, वाळू टाकून. दोनशे फेरे. यंदा अडीचशे. निगा राखतो.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

मार्गशीर्ष शुद्ध ७. गाडीत.



एका खंडेनवमीला किती जात असेल? केसाएवढं. फार तर दोन केस. एकोणचाळीस वर्षांचे पाऊणशेच्या वर केस झाले. एवढे माझ्या डोक्यावरही उरले नाहीत. आणि दर साली बाजारातल्या पायल्या फुगत नव्हत्या. मी त्या कापत होतो, आमच्या पायलीबरोबर. लाकूड, लोखंड, सगळं.

धोंडुबाई. आठवड्याची जेवणं चौदा. त्यातलं एक उपाशी. शंभराला सात. हंबीररावांना दोन पायल्या, पाणी, साक्षीदार आणि कागद लागला. म्हातारीनं पोटावरून सांगितलं होतं. मी तिला भूक वाढली म्हणालो.

पण वडिलांनी कड नीट ठेव म्हणून सांगितलं होतं. नीट म्हणजे काय ते सांगितलं नाही. त्यांचीही थोडी चूक आहे.

मार्गशीर्ष वद्य १.

हंबीररावांचा रिपोर्ट दरबारात गेला. मोडीत काढायचं म्हणजे वितळवणार. तीन दिवस जेवण गेलं नाही. मंडळींनी मुगाची खिचडी केली, ती दोनदा गेली.

बाजारात पिराजी हमाल मोठ्यानं म्हणाला, अण्णा, दाढी बी सहाणेवरच करता न्हवं? धोंडुबाई दिसली. तोंड फिरवलं. तिनं नाही, मी.

पौष शुद्ध ४.

हुकूम झाला, दरबारात बोलावून ऐकवला. दस्तगीरनं आपल्या जबानीत काय लिहिलं ते तिथल्या कारकुनानं वाचून दाखवलं. माझी पायली खोटी असं त्यानं लिहिलं नाही. लिहिलं की कोल्हापूरची पायली मुरगूडच्या पायलीची आई. आई वयानं झिजली. आता लेकीवरून आईचं माप परत घ्यावं. वयानं, असं लिहिलं. मी असतो तर असं लिहिलं असतं का? माझा मसुदा अजून डायरीत आहे. ते पान फाडलं.

मुरगूडच्या पायलीवरून कोल्हापूरसाठी नवी ओतायची. बाजारातल्या सगळ्या पायल्या नव्या. जुनीच्या बुडाला भोक पाडून ती मला परत, कारण आजोबांची. मापाडीपण माझ्याकडेच ठेवलं, समज देऊन. समज मोठी होती, तिथं उभं राहवत नव्हतं, पण बसा म्हणाले नाहीत.

फाल्गुन शुद्ध २.

नवी पायली घेऊन दस्तगीर स्वतः आला. दोघांनी सही केली: कोल्हापूरचं माप मुरगुडात कबूल, मुरगूडचं कोल्हापुरात कबूल. माझी सही थोडी वाकडी आली. दौत परकी होती. दस्तगीरनं पायली फडक्यात बांधली, स्वतः गाठ मारली आणि म्हणाला, अण्णा, सहाण कुठं हाय तुमची? मंडळींनी लगेच दाखवली. तो म्हणाला, चंदनापुरती ठेवा.

नव्या मोहरेला शिरोरेषा आहेत. आताचे कासार कामाला चांगले म्हणायचे.

वैशाख वद्य ८, शके १८३६.

मंडळींनी जुन्या पायलीत पेंढा घालून कोंबडी बसवली आहे. नऊ अंडी मावतात. मान शाबूत असती तर दहा मावली असती. हे मी कोणाला सांगितलं नाही.

धोंडुबाई भेटली. मी खाली बघत होतो. ती म्हणाली, आता पुरतंय बगा अण्णा, शेवटच्या सांजेला बी भाकरी असती. आणि पदराखालून चार मिरच्या काढून दिल्या. मिरच्या घरापर्यंत हातातच धरून आणल्या.

आश्विन शुद्ध ९, खंडेनवमी, शके १८३६. सकाळी.

डायरी सापडली. सालभरात तपकीर अकरा वेळा सोडली.

नव्या पायलीची पूजा. फडकं सोडलं, नुसती फुलं वाहायला. गाठ दस्तगीरची होती, पण सणाचा दिवस धरायचा नाही. हळद, कुंकू, एक फूल. घासायची नाही, हे पक्कं. चिंच आणलीच नाही. सहाण माळ्यावर टाकली आहे.

त्याच दिवशी. दुपारी.

जरा मापून बघावं म्हणून ओंजळभर जोंधळा घातला. कडेला एका जागी बोटाला खरबरीत लागलं. ओतकामातला दोष असेल. दाणा अडकला.

माळ्यावरून सहाण काढताना मंडळी ओरडल्या. त्यांना सांगितलं, चंदन उगाळतो.

पाचच फेरे. मोहरेच्या वर अजून बोटभर जागा आहे. पुष्कळ आहे.